जुन्या तांदळाची मूठ

नव्याच्या पुनवेला हिरडगडच्या चुलीजवळ जुन्या तांदळाचा एक दाणाही राहता कामा नये. एकोणीस वर्षं ताराबाईंनी हे जातीनं पाहिलं होतं. आदल्या दिवशी कणगीवर गोणपाट बांधायचं, डबे मागच्या पडवीत न्यायचे, कोपऱ्याकोपऱ्यातून केरसुणी फिरवायची आणि मग जमीन सारवायची. सदतीस सालच्या आश्विनातही त्यांनी हे सारं केलं. सारवून झाल्यावर चुलीमागं एक दाणा दिसला, तो त्यांनी नखानं उचलला आणि बाहेर नेऊन टाकला. मग तिथंच उभ्या राहिल्या. हे आपण कुणासाठी करतो आहोत, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं.

उद्या नवं त्या रांधणार नव्हत्या. सुंदरा रांधणार होती.

वैशाखात राघोजीराजांचं दुसरं लग्न झालं, शेणव्याच्या नाईकांच्या मुलीशी. दोन्ही घराण्यांत जंगलाच्या हद्दीवरून तीन पिढ्या वैर होतं. ते या लग्नानं मिटलं. शिवाय राजांची चाळिशी उलटली होती आणि गादीला वारस नव्हता. एका लग्नात दोन कामं झाली, असं लोक म्हणाले. ताराबाईंनी स्वतः दारात उभं राहून नव्या सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. सुंदरा तेव्हा अठरा वर्षांची होती.

पण लग्नानं राजाची बायको होता येतं, गडाची राणी होता येत नाही, असं त्या घरात मानत. हिरडगडच्या ताब्यात सात पाडे होते आणि सात पाड्यांचे सात कारभारी. आश्विनातल्या पुनवेला राजशेतातली पहिली लोंबी कापून आणायची, त्याच दिवशी कांडायची, नव्या मडक्यात शिजवायची आणि या सातजणांना वाढायची. ते जिच्या हातचं जेवतील ती राणी. त्यांनी घास घेतल्याशिवाय पाड्यांवर कुणी नव्या तांदळाला शिवत नसे. ताराबाईंनी वयाच्या सतराव्या वर्षी हे पहिल्यांदा वाढलं तेव्हा त्यांचा हात इतका थरथरला होता, की धर्मा कारभारी हसून म्हणाला होता, सावकाश, आई, आमी कुठं पळून जात नाय. तेव्हापासून सात पाडे त्यांना आई म्हणत आले. जिला पोटचं मूल नाही त्या बाईला या हाकेचं काय होतं, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळण्यासारखं नाही.

दोन दिवसांपूर्वी बिरड्याचे वाल सोलता सोलता बाईजानं विषय काढला होता. बाईजा राजांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि तेव्हापासून या घरातलं कुठलंही काम तिला विचारल्यावाचून झालेलं नव्हतं. शेणव्याची सोयरीक तिनंच जमवली होती. तिनं आधी हवेबद्दल सांगितलं. मग खर्डीच्या बंगल्याबद्दल, जो थोरल्या राजांनी शिकारीच्या साहेबलोकांसाठी स्टेशनाजवळ बांधला होता आणि आता रिकामाच पडून होता. दिवाळी झाली की ताराबाईंनी तिकडं राहायला जावं, एका घरात दोन राण्या असल्या की कारभाऱ्यांना कुणाचं ऐकावं कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"हे त्यांचं म्हणणं आहे का तुमचं, वन्सं?" ताराबाईंनी विचारलं.

"तो कधी काय म्हणतो का? पुनवेला कारभारी धाकलीच्या हातचं जेवले, की आपसूकच झालं." मग वालाची साल बाजूला टाकत बाईजा म्हणाली, "आगगाडी दिसते गो तिथनं. मन रमंल तुझं."

ताराबाईंनी राहिलेले वाल सोलले.

*

पुनवेच्या सकाळी सोमी आणि पाड्यावरच्या आणखी दोघी भात कांडायला आल्या. राजशेतात जुनं लाल भात लावत. देवाला तेच चाले. कांडलं की त्याचा दाणा आखूड, तांबूस निघे आणि शिजला की मऊ होऊन एकमेकाला चिकटे. ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या. त्यांना फक्त बसायचं होतं. देखरेखीला म्हणून राजांनी सांगितलं होतं, आणि तेही दुसऱ्याकडून.

सुंदरा सूप घेऊन पाखडत होती. ती चांगली पाखडत होती, हेच ताराबाईंना सोसवेना. चुकली असती तर उठून सूप हातात घेता आलं असतं. दंड भरलेले, मनगटात हिरवा चुडा, आणि पाखडताना कोंडा वाऱ्यानं नेमका बाहेर जावा म्हणून ती जरा वळून बसे, ते वळणंही नीट. तिच्या रूपाचा ताराबाईंना फारसा हेवा नव्हता. रूपाचं काय, ते त्यांच्याकडेही होतं आणि त्यातून काही निष्पन्न झालं नव्हतं. हेवा होता तो तिच्या हातात असलेल्या वेळेचा. पाच वर्षं मूल झालं नाही तरी हिला कुणी काही म्हणणार नव्हतं. अजून दहा पुनवा हिच्या समोर नुसत्या पडून होत्या.

मडक्यात आधण आलं. सोमी कोंडा भरायला अंगणात गेली. सुंदरानं धुतलेले तांदूळ आधणात सोडले, हात कपाळाला लावला, आणि मग पदराची एक गाठ सोडली.

गाठीत मूठभर तांदूळ होता. पांढरा, बारीक. ताराबाईंना बसल्या जागेवरून त्याचा वास आला. जुना झिणी तांदूळ.

मुलीनं ती मूठ नव्या भातात सोडली आणि पळीनं एकदा ढवळलं.

ताराबाईंचे ओठ उघडले होते. एवढंच म्हणायचं होतं, थांब गो. मडकं उतरवून ओतून देता आलं असतं. लोंबी अजून शिल्लक होती, दुसरं मडकंही होतं. सारं पुन्हा करायला तासभर लागला असता.

हिरडगडात नव्यात जुनं मिसळत ते एकाच प्रसंगी. घरातलं माणूस त्या साली गेलेलं असलं म्हणजे. त्याला मोडकं नवं म्हणत. सासरे गेले त्या साली ताराबाईंनी स्वतः ते रांधलं होतं. तेव्हा मेलेल्या माणसाचं पान सगळ्यांच्या आधी, देवघराच्या उंबऱ्याशी मांडलं होतं; कारण चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवेपर्यंत मेलेलं माणूस घरातच असतं, असं मानत. बाकी कुठल्याही साली जुन्याची मूठ घालणं म्हणजे जिवंत घरावर मरण ओढणं. कारभारी पानावरून उठतील. आणि राणीच्या हातचं न जेवता कारभारी उठले, तर ती राणी माहेरी परत जाते.

शेणव्याला परत. वैशाखात आली तशी.

ताराबाईंनी ओठ मिटले. बाहेर सोमी कोंड्याच्या टोपलीवर हात मारत होती तो आवाज त्या ऐकत राहिल्या. मडक्यातल्या पाण्याला फेस आला आणि पांढरे दाणे तांबड्या दाण्यांत दिसेनासे झाले.

*

सुंदराला ताराबाई पाहताहेत हे कळत होतं. सहा महिने ती पाठीवर ती नजर घेऊनच वावरत होती.

नव्यात जुन्याची मूठ घालायची, हे तिला आईनं शिकवलं होतं. शेणव्याला दर साली घालत. जुनं नव्याला हात धरून घरात आणतं, असं आई म्हणे. निघताना आईनं घरची झिणी तिच्या ओटीत बांधून दिली होती आणि सांगितलं होतं, पहिल्या नव्याला ही घाल. इथं कसं करतात हे विचारावं असं तिला काल वाटलं होतं. पण विचारायचं कुणाला? बाईजा म्हणाली होती, तुला काय शिकवायचं, नाईकाची लेक तू. आणि ताराबाईंना विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं. ते ती मेली तरी करणार नव्हती.

कारण राजे ताराबाईंना अगं म्हणत.

एवढीच गोष्ट होती. सुंदराला सारे अहोजाहो करत, राजेही. जेवलात का, झोप लागली का, शेणव्याहून काही निरोप. पाहुण्याला विचारावं तसं. आणि संध्याकाळी ओसरीवर बसले की त्यांचा आवाज आतल्या दारापर्यंत येई. अगं तारा, तो पलीकडच्या पाड्यावरचा जैतू आठवतो का, आज काय म्हणाला. मग ताराबाई काहीतरी हळू बोलत आणि राजे हसत. तो जैतू कोण, त्यात हसण्यासारखं काय, हे सुंदराला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी हसू आलं नसतं. त्याला एकोणीस वर्षं लागतात. ती दाराआड उभी राहून ते हसणं ऐके आणि तिला वाटे, आपल्याला या घरात नवरा मिळाला तो थोरलीचा उरलेला.

आज कारभारी जेवले की थोरली खर्डीला जाणार, हे बाईजानं तिलाही सांगून ठेवलं होतं. सुंदरानं त्यावर हूं की चूं केलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिला भूक लागू लागली होती, हेही खरं.

*

दुपारी सातही कारभारी आले. माजघरात देवघरासमोर सागाच्या पानांच्या सात पत्रावळी मांडल्या होत्या. राजे एका बाजूला पाटावर बसले, पानाशिवाय. कारभाऱ्यांनी घास घेतल्यावर त्यांना वाढायचं. बाईजा खांबाशी उभी. ताराबाई आतल्या दारात.

सुंदरानं वाढायला सुरुवात केली. तिचा हात थरथरला नाही. पहिलं पान धर्मा कारभाऱ्याचं. तो आता पासष्टीला आला होता, एका डोळ्यात फूल पडलेलं, पण सातजणांत शब्द त्याचाच. सातही पानं वाढून झाल्यावर त्यानं पानाला नमस्कार केला, भात बोटांनी उकलला, आणि त्याची बोटं थांबली.

तांबूस गोळ्यात पांढरे दाणे मोकळे उभे होते.

शेजारच्या पानावर नामा कारभाऱ्यानंही ते पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्यानं. सात उजवे हात पानांवरून मागं आले. सुंदराला वाटलं मीठ राहिलं की काय. तिनं बाईजाकडं पाहिलं आणि बाईजाचा चेहरा पाहून तिच्या हातातली पळी जड झाली.

धर्मानं राजांकडं पाहिलं. "राजं," तो सावकाश म्हणाला, "या घरातनं कोण गेलं?"

राजांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते अर्धवट उठले, पान पाहिलं आणि पुन्हा बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते भले गृहस्थ होते. त्यांना कुणी काही विचारू नये एवढीच त्यांची आयुष्यात अपेक्षा होती.

बाईजा पुढं झाली. ही सोयरीक तिची, ही सून तिनं आणलेली, आणि ही चूक जर सुनेची ठरली तर तिचीही ठरणार होती. त्या घरात तिला कुणी दत्तक घेतलं नव्हतं, कुणी लग्नानं आणलं नव्हतं; ती होती ती फक्त तिचं बरोबर असण्यावर. तिच्या हातचं नवं कुणी कधी जेवलं नव्हतं, जेवणार नव्हतं. एकोणीस वर्षं तिनं ताराबाईंच्या हाताला पळी दिली होती आणि बाजूला उभी राहिली होती.

"पोरीला काय विचारता," ती म्हणाली. "सकाळधरनं चुलीपाशी कोण बसलंय ते विचारा. जिच्या हातनं पळी गेली तिला विचारा."

सगळ्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं.

राजांनीही पाहिलं. त्या क्षणी त्यांना काय वाटलं हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते सुटका झाल्यासारखं होतं. सहा महिने तारा रडली नव्हती, भांडली नव्हती. तिच्या त्या शांतपणाचं त्यांना ओझं झालं होतं. आता तिनं काहीतरी वाईट केलं होतं. आता फिटंफाट झाली होती.

"तुम्ही केलंत हे?" त्यांनी विचारलं.

ताराबाईंना चटका बसला तो आरोपाचा नव्हे. तुम्ही या शब्दाचा.

त्यांनी सुंदराकडं पाहिलं. मुलगी उभी होती, पांढरीफटक, आणि तिची डावी मूठ पदराच्या गाठीवर घट्ट मिटली होती. गाठीत अजून चार दाणे असतील. बोट दाखवायचं, एवढंच काम होतं. गाठ सोडा म्हणायचं. मुलगी आज तिन्हीसांजेच्या आत शेणव्याच्या वाटेला लागली असती.

पण धर्मा कारभारी विचारणार. तुमी बघितलंत, आई? मग अडवलं का नाय? आणि एकदा ते उत्तर द्यावं लागलं, की मग खर्डी काय आणि कुठलंही काय, सात पाड्यांत आई म्हणायला तोंड राहणार नव्हतं कुणाला. ताराबाईंनी हे सारं मनात मांडून पाहिलं. ज्या दारातून सुंदराला बाहेर घालवायचं त्याच दारातून त्यांना स्वतःला जावं लागत होतं. सकाळी गप्प बसताना त्यांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता.

सुंदराचे ओठ हलले. ती काही बोलणार असं वाटलं. मग तिनं राजांकडं पाहिलं, आणि राजे ताराबाईंकडं पाहत होते, रागानं का होईना पण त्यांच्याकडंच, आणि सुंदराचे ओठ मिटले. सकाळी आपले मिटले होते तसेच, हे ताराबाईंनी ओळखलं.

त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

"तुमी विचारलंत, कोण गेलं," त्या धर्माला म्हणाल्या. "थोरली राणी गेली. तिच्या नावानं मूठ पडलीय. जेवा."

बाईजानं तोंडाला पदर लावला. नामा कारभारी पुटपुटला की जित्या माणसाचं सुतक कसं धरायचं, असं कधी ऐकलं नाही. दुसरा म्हणाला, पण मग जेवायला हरकत नाही, माणूस गेलेलं असलं तर मोडकं नवं चालतं. ते आपसांत हळू आवाजात बोलू लागले. एकाला वाटत होतं उठावं. दोघांना भूक लागली होती. सगळे शेवटी धर्माकडं वळले.

धर्मानं पानातला एक पांढरा दाणा बोटानं वेगळा केला. मग त्यानं ताराबाईंना विचारलं, आणि विचारताना त्याच्या चांगल्या डोळ्यात काय होतं ते त्यांना ओळखू आलं नाही.

"नक्की गेली का? बोलल्यावर माघारी येता येनार नाय, आई."

"नक्की."

"मग रीतीनं होऊ द्या." तो राजांकडं वळला. "माणूस गेलं की टाक होईस्तवर ते घरातच असतं. बरोबर, राजं?"

राजांनी मान हलवली.

"आनि टाक होतो चितेनंतर. थोरल्या राणीची चिता झालेली नाय. देव करो नि लवकर न होवो." सातांतले दोन-तीन हसले, धर्मा हसला नाही. "म्हंजे टाक नाय. टाक नाय तवर गेलेलं माणूस याच घरात, देवघरापाशी. त्याला कुनी गावाला धाडत नाय. कधी धाडलंय का आपल्यात?"

"नाय," नामा म्हणाला.

"नि टाक नाय तवर दर साली मूठ पडनार. पान पहिलं त्याचं. आमच्या आधी, राजाच्या आधी." मग तो सुंदराला म्हणाला, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "आई, थोरल्यांचं पान मांडा. खोळंबलोय आमी."

खर्डीच्या बंगल्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. बाईजानं तोंडावरचा पदर खाली घेतला. खर्डीचं धर्माला कुणी कळवलं, याचा ती पुढं कित्येक दिवस शोध घेत राहिली. सोमी कांडायला आली होती आणि सोमी धर्माच्या पाड्यावरची, एवढंच हाती लागलं.

सुंदरानं आठवी पत्रावळ आणली. देवघराच्या उंबऱ्याशी ताराबाई बसल्या, कुंकू लावलेल्या, बांगड्या भरलेल्या, मेलेल्या. सुंदरा वाकली आणि तिनं पहिली पळी त्यांच्या पानावर वाढली. आता तिचा हात थरथरत होता.

"सावकाश," ताराबाई म्हणाल्या. "मी कुठं पळून जात नाय."

*

जेवणं झाल्यावर राजे धर्माच्या हातावर पाणी घालायला स्वतः अंगणात गेले; तोही रिवाजच होता. धर्मानं चूळ भरली, मिशा पुसल्या. मग सहज बोलल्यासारखं बोलला. त्याची बहीण शेणव्याकडं दिलेली. तिच्याकडं एका नव्याला तो जेवला होता. तिकडं नाईकांपासून कातकऱ्यांपर्यंत सगळे दर साली जुन्याची मूठ घालतात, शुभ म्हणून. चव बरी लागते.

राजांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मग तुला माहीत होतं?"

"झिणी आपल्याकडं पिकते कुठं, राजं?"

"मग विचारलंस कशाला, कोण गेलं म्हणून?"

"बाकीच्या सहांनी बघितलेलं. मी नसतं विचारलं तर उठले असते." त्यानं हात झटकले. "विचारल्यावर खरं कोन बोलतं ते बघत होतो. कुनीच नाय बोललं. मग म्हटलं, या घरातली माणसं एकमेकाला बरोबर भेटलीत."

राजांनी तांब्या खाली ठेवला. मग आत आले. देवघराशेजारची खोली ताराबाईंसाठी झाडून घेत होते. त्या दारात उभ्या होत्या. राजांनी घसा साफ केला. ते काय बोलणार होते कोण जाणे, माफी मागायची त्यांना सवय नव्हती. शेवटी म्हणाले, "अगं, तो धर्मा काय म्हणाला ऐकलंस का?"

"गेलेल्या माणसाला काय सांगता," ताराबाई म्हणाल्या. "तिला सांगा. तिला हसायला येत नाय अजून. शिकवा."

आणि त्यांनी त्यांच्या देखत दार लोटून घेतलं. हे त्यांनी एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. आतून त्या बराच वेळ दाराला पाठ लावून उभ्या होत्या, पावलं कुठल्या दिशेला जातात ते ऐकत. पावलं आधी ओसरीकडं गेली. मग थांबली. मग स्वयंपाकघराकडं वळली. आपणच धाडलं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही.

तिसऱ्या प्रहरी सुंदरा मडकं घासत बसली होती. नव्याचं मडकं घरच्या बाईनंच घासायचं. राजे येऊन काही बोलून गेले होते. काय ते तिला धड कळलं नव्हतं, जैतू नावाच्या कुणाबद्दल होतं. ताराबाई येऊन पाटावर बसल्या, सकाळच्याच जागी. देखरेखीला.

सुंदरानं मडक्याला पुन्हा राख लावली.

"मी सांगनार होते," सुंदरा म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"नाय सांगितलंस ते बरं झालं."

"खरंच सांगनार होते, थोरल्या बाई."

"सांगितलं असतंस तर जन्मभर तुझ्या उपकारात राहावं लागलं असतं. आता कुनाचं कुनावर काय नाय." ताराबाईंनी हात पुढं केला. "गाठ सोड."

सुंदरानं पदराची गाठ सोडली. चार नव्हे, सात-आठ दाणे निघाले. ताराबाईंनी ते तळहातावर घेतले, उजेडाकडं धरून पाहिले, एक दाणा दातांखाली फोडला. तांदूळ चांगला होता. हिरडगडच्या कुठल्याही तांदळापेक्षा चांगला होता, आणि हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

"शेणव्याहून दर साली मागवून घे. मला आपल्यातला जाड नाय आवडत."

सुंदरानं मडकं पालथं घातलं. मग राखेचे हात तसेच धरून तिनं विचारलं, "कधीपर्यंत घालायची मूठ?"

"मी असंपर्यंत."

"आनि मग?"

ताराबाईंनी उरलेले दाणे आपल्या पदराला बांधले. गाठ घट्ट बसली ना ते ओढून पाहिलं.

"मग त्या साली तर घालावीच लागंल," त्या म्हणाल्या.